बावीस नंबर हिरवा कधी फिका झाला

आमच्या आत्याचं काम म्हणजे "जमला" किंवा "नाही जमला" म्हणणं. सव्वीस वर्षं ती या दोन शब्दांवर नोकरी करतेय. कापडाच्या गिरणीत रंगखात्याला चिकटून एक खोली आहे. तिला उत्तरेकडे मोठी खिडकी आहे, खिडकीला पडदा नाही, आणि खिडकीपाशी आत्याची खुर्ची. रंगवून निघालेल्या प्रत्येक लॉटची दोन बोटं रुंद कातरण तिच्याकडे येते. ती कातरण दुसऱ्या कापडाशेजारी धरते, मान जरा डावीकडे कलती करते आणि म्हणते, "जमला." तसं म्हणाली की सगळा लॉट पुढे. "नाही जमला" म्हणाली की भिंतीपलीकडून एक लांबलचक उसासा येतो आणि तेवढं सगळं कापड पुन्हा टबात. गिरणीत तिला कुणी नावानं हाक मारत नाही. रंगाच्या शेड बघते म्हणून शेडबाई म्हणतात. साहेबसुद्धा.

आमच्या घरात सगळ्यांच्या नकला होतात, अगदी दूधवाल्यापर्यंत. आत्याची होत नाही. धरायला काही सापडतच नाही. आनंदाची बातमी सांगा, "असं का." वाईट सांगा, "असं का." दोन्हींचा सूर फूटपट्टीनं आखल्यासारखा सरळ. आई म्हणते, "मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा वन्सं हसल्या की शेजारचं कुत्रं भुंकायला लागायचं." मग हे हसणं कधी बंद झालं यावर आईबाबांचा वाद होतो. आई म्हणते, वन्संचे यजमान गेले आणि त्या आपल्याकडे राहायला आल्या तेव्हापासून. बाबा म्हणतात, छे, त्यानंतरही दीड वर्ष ताई बरी होती, टोमणे मारायची. मग केव्हापासून? मग बाबा आढ्याकडे बघतात. आत्या तिथेच बसून लसूण सोलत असते. आपल्याबद्दल चाललंय हे तिला कळतं, पण लसूण सोलायचा वेग बदलत नाही.

या वर्षी एका मोठ्या सभागृहातून गिरणीत फोन आला. सहा वर्षांपूर्वी तिथल्या साडेआठशे खुर्च्यांना आमच्या गिरणीचं बावीस नंबर हिरवं कापड लावलं होतं. पुढच्या दहा रांगा बसून बसून फाटल्या, म्हणून त्यांनी त्याच नंबरचं कापड पुन्हा मागवलं, लावलं, दिवे लावले, आणि बघतात तर काय.

"अहो, पुढच्या दहा रांगा आजारी दिसतायत!" सभागृहाचा व्यवस्थापक ओरडला.

साहेब म्हणाले, "बघा, मी काय म्हणतो, जुनं कापड विटतं. साहजिक आहे."

"जुनं नाही हो विटलं! जुनं गडद आहे. नवंच विटून आलंय!"

साहेबांनी फोन ठेवला. त्यांनी आत्याला बोलावलं.

"बघा बाई, मी काय म्हणतो. फिका झाला हे झालंच. प्रश्न एवढाच आहे, की कधीपासून? सोमवारी मुख्य कचेरीतून चौकशीवाले येणार. त्यांच्या फॉर्मवर रकाना आहे. दोष सुरू झाल्याचा लॉट क्रमांक आणि तारीख. त्या तारखेला जे काय घडलं असेल, ते ज्यानं घडवलं असेल, त्याच्यावर पुढचं सगळं."

"असं का," आत्या म्हणाली.

"इथे बसलात तर लोक बोलतात. तुम्ही आठवडाभर घरी बसा, डोकं शांत ठेवा, आणि तारीख काढून आणा."

दात काढून आणायला सांगावा तसं. आत्यानं बावीस नंबरचे सगळे पत्ते चपलांच्या चार खोक्यांत भरले आणि रिक्षानं घरी आली. प्रत्येक लॉटचा एक पत्ता असतो. त्यावर कातरण टाचलेली, खाली लॉटचा क्रमांक, तारीख आणि आत्याची सही. एकूण दोनशे अकरा पत्ते. म्हणजे दोनशे अकरा वेळा तिनं "जमला" म्हटलेलं. तिची निवृत्ती दोन वर्षांवर आलीय. ती आईला म्हणाली, "खुर्ची गेली तर मला दुसरं काही येत नाही." आज कोथिंबीर मिळाली नाही, या सुरात म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता, उजेड नीट आल्यावर, तिनं पत्ते जमिनीवर मांडायला घेतले. बाहेरच्या खोलीच्या खिडकीपासून सुरुवात. रांग दिवाणाला वळसा घालून, उंबरा ओलांडून स्वयंपाकघरात गेली, ओट्याखालून फिरून परत बाहेर आली आणि बुटांच्या कपाटापाशी दोनशे अकरावर संपली. तो आठवडाभर आई घरात लंगडी खेळत फिरली. कुकरची शिट्टी झाली की एका पायावर दोन उड्या, मग गॅस.

बाबा शाळेत इतिहास शिकवतात. घरातही ते आम्हाला "मुलांनो" म्हणतात, त्यात आईही आली. ते शाळेतून आले, रांग बघितली, आणि त्यांचा चेहरा उजळला. सहा वर्षं जमिनीवर सरळ मांडलेली त्यांनी आयुष्यात प्रथमच पाहिली असणार.

"मुलांनो, लक्षात घ्या. काळ म्हणजे काय? लांबच लांब कापड. त्याचे खंड कोण पाडतं? आपण. आणि कात्री कुठे लावतो? जिथे वळण आहे तिथे. लढाई, यंत्राचा शोध, राजाचा मृत्यू. वळणाच्या अलीकडे एक युग, पलीकडे दुसरं. ताई, घाबरू नकोस. वळण सापडलं की तारीख सापडली."

"मी घाबरले नाहीये," आत्या म्हणाली. ते खरंच होतं.

बाबा ओणवे होऊन निघाले. एक पत्ता, त्याच्या शेजारचा पत्ता. सारखाच. त्याच्या शेजारचा. सारखाच. दिवाण आला, गेला. उंबरा आला. स्वयंपाकघरातून त्यांचा आवाज येत राहिला, "सारखाच... हाही सारखाच..." आणि मग ओट्यावर डोकं आपटल्याचा. बुटांच्या कपाटापाशी पोचेपर्यंत त्यांनी कुठेच कात्री लावली नव्हती.

मग आत्यानं पहिला आणि शेवटचा पत्ता उचलून शेजारी शेजारी धरले. आई "अगंबाई!" म्हणाली. पहिला होता बाटलीचा हिरवा. शेवटचा होता त्याच बाटलीत पाणी घालून हलवल्यावरचा.

"एकदम दिसतंय की," आई म्हणाली. "मग मध्ये कसं दिसत नाही?"

आईनंच तोडगा काढला. वाळत टाकायचे चिमटे आणले. प्रत्येकानं जिथे फिका व्हायला लागला असं वाटतं तिथे एक चिमटा लावायचा. आईचा लागला नव्वदाव्याला, बाबांचा एकशे वीसला, माझा सदुसष्टाव्याला. दुसऱ्या दिवशी ढग आले तर बाबांचा चिमटा त्यांच्या स्वतःच्याच मताविरुद्ध बारा पत्ते मागे सरकला. आत्यानं चिमटा लावला नाही. तिला विचारलं तर म्हणाली, "मला सगळेच जमलेले दिसतात."

जेवताना बाबांचा सूर जरा खाली आला. म्हणाले, "खरं सांगू का, आमच्याकडेही असंच आहे. मध्ययुग संपलं म्हणून आम्ही पोरांना एक साल पाठ करायला लावतो. त्या साली कुणी सकाळी उठून म्हणालं नाही, चला, संपलं बुवा मध्ययुग. त्याही दिवशी कुणाचं तरी दूध उतू गेलं असेल. रेघ नंतरच्यांनी मारली."

"मग मारता कशाला?" आईनं विचारलं.

"नाही मारली तर शिकवायचं काय? पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत नुसतं 'आणि मग, आणि मग'?"

"भात घ्या," आई म्हणाली.

गुरुवारी रंगखात्याचे मुकादम आले. त्यांना गिरणीत तूर्तास म्हणतात, कारण तीस वर्षं झाली तरी ते तिथे तूर्तासच आहेत, पुढं बघू म्हणतात. "तूर्तास चहा नको," म्हणाले आणि दोन कप प्यायले. पत्त्यांची रांग ओलांडताना त्यांनी धोतर सावरावं तशी पॅन्ट वर घेतली.

"शेडबाई, एवढा पसारा कशाला मांडलात? तूर्तास एकशे त्रेसष्ट लिहा आणि मोकळ्या व्हा."

"एकशे त्रेसष्टला काय झालं?"

"रंगाचा पुरवठादार बदलला. पत्र आहे, तारीख आहे. आधी निळे डबे यायचे, त्या दिवसापासून पांढरे. दोष डब्याचा! डबा काय भांडायला येतोय? आणि तो पुरवठादार मागच्या वर्षी धंदा गुंडाळून गेलासुद्धा. मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही."

बाबा खुर्चीतून अर्धे उठले. "ताई! हे खरं वळण! कागदी पुरावा आहे!"

आत्या उठली. एकशे बासष्ट, त्रेसष्ट, चौसष्ट असे तीन पत्ते उचलले आणि खिडकीत धरले. मान डावीकडे कलती केली. "तिन्ही जमलेत. त्या दिवशी रंग नाही बदलला."

"अहो, पण डबा बदलला ना!" तूर्तास कळवळून म्हणाले.

उंबऱ्यापाशी चपला घालताना ते हळू आवाजात आईला म्हणाले, "वहिनी, तुम्ही सांगा त्यांना. त्या खरं शोधत बसल्या तर त्यांच्याबरोबर मीही जातो. रंग टाकणारे हात माझेच आहेत." नेहमीचा शब्द त्यांनी एकदाही लावला नाही. मग लगेच भानावर येऊन म्हणाले, "येतो तूर्तास."

ते गेल्यावर बाबांनी चिमटे एकेक करून पुन्हा बघितले. मग त्यांनी एक साधा प्रश्न विचारला. वर्गात एखादा ढ मुलगा विचारतो आणि सगळे हसतात, तसला.

"ताई, पण तो फिकाच का झाला? गडद का नाही झाला?"

तिच्या तोंडून महिन्याभरात ऐकलेलं सगळ्यात लांब बोलणं आलं. "रंग कमी पडला तर वाढवता येतो. जास्त पडला तर काढता येत नाही. म्हणून रंगारी हात राखून टाकतो, नेहमी केसभर कमी. केसभर मी सोडून देते. केसासाठी अख्खा लॉट कोण परत पाठवणार. पुढच्या वेळी पुन्हा केसभर."

"पण तू जुळवत कशाशी होतीस?"

"आधीच्या लॉटशी."

"आणि मूळ नमुना?"

"कपाटात."

आत्या दिवाणापाशी गेली, खाली बसली आणि एक्केचाळिसावा पत्ता उचलला. पुढून तो चाळिसाव्यासारखाच होता आणि बेचाळिसाव्यासारखाच. तिनं तो उलटा केला. मागे तिच्याच अक्षरात लिहिलं होतं: मूळ नमुना हाताळून मळतो, सबब आजपासून साहेबांच्या कपाटात. किल्ली मागून घ्यावी. खाली सही.

झालं होतं असं. मूळ नमुना तिच्या खिडकीतच टांगलेला असायचा. रंगाऱ्यांचे ओले अंगठे त्याला लागायचे. नमुना खराब होईल म्हणून तिनंच अर्ज केला. नमुना जपायला कपाटात गेला. सुरुवातीला ती दर लॉटला जाऊन किल्ली मागायची. वहीत सही करायची. साहेब कधी मीटिंगमध्ये, कधी जेवायला. "बघा बाई, मी काय म्हणतो, अर्ध्या तासानं या." बाहेर हातगाडी लावून हमाल उभा. एक दिवस ती किल्ली मागायला गेली नाही. कालचा लॉट हाताशी होता, तो तर जमलेलाच होता.

"कोणत्या दिवशी?" बाबांनी विचारलं.

"लिहिलेलं नाही."

"आठवत नाही?"

"त्या दिवशी जमला असणार. म्हणून लक्षात नाही राहिलं."

"म्हणजे एक्केचाळिसाव्याची तारीख तरी कुठे खरी आहे?"

"नाहीच. पण त्याच्या आधी नक्की जमत होता. नंतरचं मला सांगता येत नाही."

बाबांनी पत्ता हातात घेतला, पुढून बघितला, मागून बघितला. "आम्ही वर्गात वळण म्हटलं की तोफा उडवतो," ते म्हणाले. "इथे तर नुसतं कपाट बंद केलंय. तेही चांगल्यासाठी."

आई मात्र सरळ मुद्द्यावर आली. "वन्सं, एकशे त्रेसष्ट लिहा. एक्केचाळीस लिहिलंत तर दोष तुमच्या सहीचा होतो. घराबाहेर कुणाला कळणार नाही. हे काही बोलणार नाहीत. पोर बोलणार नाही, बोललं तर मी बघते त्याच्याकडे."

"असं का," आत्या म्हणाली आणि पत्ते क्रमानं गोळा करायला लागली.

रविवारी रात्री घरात कुणी तो विषय काढला नाही. आत्या नऊला झोपली आणि घोरली. आईबाबा जागे होते, हे त्यांच्या पाणी प्यायला उठण्यावरून कळत होतं.

सोमवारचं आत्यानं आम्हाला सांगितलं ते एसटीच्या वेळापत्रकासारखं. कोण काय म्हणालं तेवढं, ओळीनं. सूर आम्ही आमचे लावून घेतले.

चौकशीवाले बारीक अंगाचे होते आणि "थोडक्यात सांगा" म्हणून स्वतः लांबण लावायचे. "थोडक्यात सांगा, बाई. कारण माझा अनुभव असा आहे, आणि मी बत्तीस गिरण्या पाहिल्या आहेत, की माणसं मूळ मुद्दा सोडून भलतीकडे जातात, आता परवाचीच गोष्ट घ्या..." परवाची गोष्ट संपल्यावर आत्या म्हणाली, "एक्केचाळीस."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला. तूर्तास भिंतीला टेकले. आत्यानं पत्ता उलटा करून टेबलावर ठेवला आणि कपाट, किल्ली, आधीचा लॉट, केसभर, सगळं सांगितलं. किल्ली देत नव्हते असं ती म्हणाली नाही. मी मागायला गेले नाही, असं म्हणाली.

चौकशीवाल्यांनी कागदावर हिशेब मांडला. एक्केचाळिसानंतर एकशे सत्तर लॉट. त्यांचं कापड कुठे कुठे गेलं याची यादी साहेबांनी वाचली. दवाखान्यांचे पडदे, तीन कॉलेजं, आगगाडीच्या विश्रामगृहांतले सोफे, कुठल्या तरी न्यायालयाच्या खुर्च्या. यादी दुसऱ्या पानावर गेली तेव्हा चौकशीवाल्यांनी हात वर केला.

"बाई, ही तारीख रकान्यात मावत नाही."

तूर्तास नंतर आईला फोनवर म्हणाले, "वहिनी, एकशे त्रेसष्टला तीन आकडे लागतात आणि एक्केचाळीसला दोनच. तरी मावेना! काय रकाना असेल तो!"

चौकशीवाले खरंच हुशार होते. ते म्हणाले, "हे बघा. पन्नास लॉट चुकले तर त्याला दोष म्हणता येतं. एकशे सत्तर लॉट लोकांनी घेतले, वापरले, कुणी हूं की चूं केलं नाही. तो दोष राहत नाही. तो तुमचा रंग झाला."

मग सगळं भराभर ठरलं. फॉर्मवर एकशे त्रेसष्ट, कारण पुरवठादार. सभागृहाच्या मागच्या रांगांनाही नवं कापड लावून द्यायचं, म्हणजे सगळा हॉल एकसारखा आजारी दिसेल. जुना मूळ नमुना रद्द. दोनशे अकराव्या लॉटमधून वीतभर तुकडा कापायचा, आजपासून बावीस नंबर म्हणजे हाच. शेडबाईंवर कारवाईचा प्रश्नच येत नाही.

"मी एक्केचाळीस म्हणाले ते कुठे लिहायचं?" आत्यानं विचारलं.

"मागे शेरा टाकतो," चौकशीवाले म्हणाले आणि त्यांनी पेन ठेवून पेन्सिल घेतली.

नव्या नमुन्याच्या पत्त्यावर तिची सही हवी होती. तिनं केली. तारीख घातली. साहेबांनी तुकडा नीट घडी घालून पाकिटात ठेवला आणि खिशातून किल्ली काढली.

"कुठे ठेवताय?" आत्यानं विचारलं.

"कपाटात. मळायला नको."

"मला खिडकीत हवा. नाहीतर किल्ली माझ्याकडे द्या."

सव्वीस वर्षांत तिनं नियम बदलून मागण्याची ही दुसरी वेळ. पहिल्या वेळी काय झालं ते तिच्याच पत्त्याच्या मागे होतं. साहेब विचारात पडल्यासारखे दिसले.

"बघा बाई, मी काय म्हणतो," ते म्हणाले. "अर्ज करा."

हे सांगून होईपर्यंत जेवायची वेळ झाली होती. आत्यानं टेबलाच्या कडेला बसून अर्ज लिहिला. सहा ओळींचा. बाबांनी वाचला आणि शिक्षकाच्या सवयीनं लाल पेन हातात घेतलं, पण कुठे काही खूण केली नाही. मग ते म्हणाले, "ताई, तू एक्केचाळीसची तारीख दिलीस तेव्हा तुला माहीत होतं ना, खुर्ची जाईल म्हणून?"

"हो."

"आणि गेली नाही."

"हो."

आईला राहवलं नाही. तिनं कढई तशीच गॅसवर सोडली आणि समोर येऊन बसली. "वन्सं, एवढं खरं बोललात आणि त्यांनी ते मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलं. तुम्हाला वाईट नाही का हो वाटलं?"

आत्याची मान जरा डावीकडे कलली. ती कुठे तरी काही तरी शेजारी शेजारी धरून बघत होती आणि आम्ही सगळे थांबलो होतो.

"कालच्याइतकंच," ती म्हणाली. मग आईला म्हणाली, "कढई करपतेय," आणि ताटं घ्यायला उठली.